सहा मिनिटांचा धवला

आमच्या बँडला नाव नव्हतं. ठेवू ठेवू म्हणत राहून गेलं. मी अंबरनाथच्या कारखान्याच्या कॉलनीतला, वडिलांच्या वशिल्यानं त्याच कारखान्याच्या ऑफिसात चिकटलेला कारकून. बेस वाजवणारा उल्हासनगरचा सिंधी, त्याच्या वडिलांचं फर्निचरचं दुकान होतं. आणि ड्रमर बदलापूरचा, जुन्या कुळगावातला आगरी, रंगाच्या कारखान्यात शिफ्टवर. शुक्रवारी कारखाने बंद आणि दुकानही बंद, म्हणून शुक्रवार हा आमचा वार. तो सोडला तर तिघांत सामाईक असं दुसरं काही नव्हतं.

वाजवायचो दुकानामागच्या गोदामात. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि उल्हासनगरात रेक्झिनच्या सोफासेटला तुफान मागणी होती. गोदामात छतापर्यंत फोमचे गठ्ठे आणि मध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले दहा-बारा सोफे. फोम आवाज पिऊन टाकायचा, त्यामुळे शेजारपाजारची तक्रार नव्हती. पण सोफ्यांवर बसायला बेसवाल्याच्या वडिलांची सक्त मनाई. भोवती पन्नास माणसं बसतील एवढ्या बैठका, आणि आम्ही तिघं चार-चार तास उभे. पाय दुखले म्हणून टेकलो तरी प्लास्टिक कुरकुरायचं आणि बेसवाला ओरडायचा, "अरे उठ ना यार, पप्पा मेरा खाल निकालेगा!"

अ‍ॅम्प्लिफायर त्यानंच बनवला होता, दोन मेलेल्या रेडिओंची आतडी काढून. आवाज अर्ध्यापुढे वाढवला की फाटायचा. पुढे पुढे आम्हाला तो फाटका आवाजच आवडायला लागला, कारण दुसरा मिळणार नव्हता. ड्रमसेटमधला मोठा ड्रम एका शाळेच्या बँडनं मोडीत काढलेला, झांज भंगारातली, आणि या दोहोंच्या मध्ये ढोलकी. "ढोलकी कशाला रे?" असं मी विचारलं तेव्हा ड्रमर म्हणाला, "मंग हात कुठं ठेवू?"

मी स्वतःला बँडचा मेंदू समजायचो. कारण कॅसेट माझ्याकडे होती. कॉलनीतल्या एका इंजिनियरनं परदेशातून आणलेल्या कॅसेटवरून मी ती उतरवून घेतली होती. त्यावर कुणीतरी म्हातारा गात होता. सोबत एक गिटार आणि पायाचा ठेका, बस्स. एक ओळ म्हणायचा, तीच पुन्हा म्हणायचा, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचा. इंग्रजीत गात असूनही निम्मे शब्द कळत नव्हते. याला ब्लूज म्हणतात, याची मात्रा अशी, वळण असं, हे सगळं मी दोघांना शिकवायचो. मला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. एका मासिकातला दीड पानांचा लेख वाचला होता, त्यावर माझी मास्तरकी चालली होती.

ड्रमरनं ती कॅसेट दोनदा ऐकली आणि म्हणाला, "ही तं आमचे आत्याची चाल हाय."

मी हसलो. मी हसणाऱ्यांतलाच होतो. पण तो हट्टाला पेटला आणि पुढच्याच आठवड्यात मला बेलवलीच्या एका लग्नाला घेऊन गेला. आमंत्रण नसताना.

त्याची आत्या धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात विधी चालतात ते धवलारणीच्या गाण्यावर. हळद दळण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीचा धवला वेगळा, आणि ते सगळे हिच्या डोक्यात. कागद नाही, पोथी नाही. लहानखुरी बाई, कपाळभर कुंकवाच्या जागी गोंदण, दात मिशेरीनं काळे. तिनं ओळ टाकली, शेजारच्या सोबतिणीनं तीच ओळ उचलली, आणि मग दोघींनी मिळून तिसरी. आवाज गोड बिलकूल नव्हता. खरवडलेला होता. आमच्या अ‍ॅम्प्लिफायरसारखा अर्ध्यापुढे फाटणारा. माझ्या अंगावर काटा आला हे सांगायला आज मला लाज वाटत नाही. तेव्हा वाटली, म्हणून चाल उतरवून घेतोय असं दाखवत मी वहीत मान घातली.

ड्रमरची आई तो चौथीत असताना गेली होती. ही आत्या विधवा होऊन माहेरी आलेली, तिनं त्याला वाढवला. त्या घरी मी बऱ्याच वेळा जेवलो. जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी वाढताना ती मला "बामनाचा नाय ना रं तू?" असं दर खेपेला विचारायची आणि उत्तर यायच्या आत वाढून मोकळी व्हायची. एकदा धीर करून मी म्हटलं, "आत्या, आमच्याबरोबर गाल का? एकच गाणं."

"कुनाचा लगीन हाय?"

"लग्न नाही. असंच. स्टेजवर."

"मांडव नाय तं धवला नाय," ती म्हणाली. विषय संपला.

मी संपू दिला नाही. ही केवढी मोठी कला आहे, ती कशी जपली पाहिजे, लोकसंगीताचं काय महत्त्व आहे, हे मी तिला समजावून सांगितलं. तिला! ती माझ्याकडे बघत भाकरी थापत राहिली. आज ते आठवलं की स्वतःच्याच कानफटात मारावीशी वाटते.

मग त्या हिवाळ्यात कॉलनीच्या स्नेहसंमेलनात आम्हाला वेळ मिळाली. क्लबच्या हॉलमध्ये कार्यक्रम, एकेकाला सहा मिनिटं. सेक्रेटरी साहेब पहिल्या रांगेत घंटी घेऊन बसायचे आणि सातव्या मिनिटाला नाट्यछटेतल्या मुलाचासुद्धा मुलाहिजा ठेवायचे नाहीत. मला त्या हॉलमध्ये काहीतरी दाखवून द्यायचं होतं. काय आणि कुणाला, ते आता आठवत नाही. मी ड्रमरला म्हटलं, आत्या नाही तर नाही, धवला तुला पाठ आहे, तू गा.

ड्रमर आधी का-कू करत होता. पण जन्मापासून ते गाणं त्याच्या कानात होतं आणि त्यालाही ते फाटक्या आवाजात ऐकायचं होतं, हे मला दिसत होतं. बोलावण्याचा धवला आम्ही निवडला, कारण त्याला सगळ्यात जबरा ठेका. लग्न लागण्याआधी देवांना मांडवात बोलावतात, एकेकाचं नाव घेऊन. आधी गावदेवी, मग वेशीवरचा मारुती, डोंगरावरची आई, अंबरनाथचा महादेव, नदी, आणि शेवटी, हे मला नंतर कळलं, घरातले गेलेले लोक.

*गावदेवी माये, मांडवी या वो,*
*गावदेवी माये, मांडवी या वो,*
*हलदीचं पाट मांडिलं.*

मूळ गाणं तासाभराचं. मी कात्री चालवली. ऐन बोलावण्यावर, ढोलकी टिपेला पोचली की तोडायचं, ही कल्पना माझी. टाळ्या तिथंच पडतात, हे माझं गणित होतं. तालमीत शेवटच्या नावाला ड्रमरचा आवाज खाली यायचा, म्हणून मी एकदोनदा त्याच्यावर खेकसलोही. ते नाव मला कुठल्यातरी देवीचं वाटलं होतं.

गणित बरोबर निघालं. संमेलनात टाळ्या पडल्या, आणि अशा पडल्या की सेक्रेटरी साहेब घंटी वाजवायची विसरले. बायका तोंडावर पदर धरून बघत होत्या, पोरं खुर्च्यांवर चढली होती. आम्हाला उत्तेजनार्थ थर्मास मिळाला. एक थर्मास, तिघांत. रस्त्यानं आम्ही आळीपाळीनं तो मिरवला. एवढा आनंद मला नोकरी लागल्यावरही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ड्रमर पेढे घेऊन आत्यापुढे उभा राहिला. त्याला वाटलं, आता झालंच आहे तर सांगून टाकावं, चार शिव्या घालेल आणि पेढा खाईल. तिनं शिव्या घातल्या नाहीत. काय गायलास, कुणाकुणाला बोलावलंस, ते सगळं क्रमानं विचारलं. मग म्हणाली, "अन मंग उठवलाव कवा?"

"म्हंजे?"

"देव बोलवलंव, बसवलंव. मंग उठवलं कोनी?"

"पडदा पडला ना आत्या," हा म्हणाला.

लग्न संपल्यावर देव उठवावे लागतात. आलेल्या प्रत्येकाला नाव घेऊन, मान देऊन, आल्या वाटेनं परत पाठवायचं, त्याचाही धवला असतो. हे त्याला माहीत होतं. पण आम्ही सहा मिनिटांचे मालक. तिनं पेढ्याचा पुडा न उघडता परत त्याच्या हातात दिला. त्याचं स्वतःचं लग्न अठरा दिवसांवर आलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि त्या लग्नाचा धवला तीच गाणार होती. दुसरं कुणी गाणार हा प्रश्नच नव्हता. ती म्हणाली, मी गाणार नाही. राग म्हणून नाही. देव तिकडे क्लबात तिष्ठत उभे आहेत, तर तुझ्या मांडवात मी बोलावू कुणाला?

शुक्रवारी गोदामात त्यानं हे सांगितलं तेव्हा मी माझ्या स्वभावाला जागलो. म्हटलं, "अरे, देव चराचरात असतात असं तुमच्याच पोथ्या सांगतात ना? मग क्लबात काय आणि कुळगावात काय!"

ड्रमर एका सोफ्यावर बसला होता. प्लास्टिक कुरकुरलं तरी बेसवाला काही बोलला नाही.

"देवांचा सोड रं," ड्रमर म्हणाला. "शेवटाला मी आईला बोलवलाय. आत्या बोलते, तुझी आई तिथं उभी हाय. आठ दिस झाले."

तालमीत ज्या नावापाशी मी खेकसलो होतो ते कुणाचं होतं, हे मला तेव्हा कळलं.

बेसवाल्याला मात्र काही समजावून सांगावं लागलं नाही. सिंधी लोकांत झुलेलाल या देवाचा बहराणा काढतात, दिवा, फळं, पीठ सजवून, नाचत-गात. "बहराणा निकाला तो पानी तक ले जाना पड़ता है," तो म्हणाला. "बीच रस्ते में छोड़ के थोड़ी ना आते? आत्याला विचार, कधी येणार. टेम्पो मी आणतो." तिघांत सगळ्यात जास्त शिकलेला मी, आणि सगळ्यात उशिरा समजलेलाही मीच.

हॉल मिळवायचं काम माझ्याकडे आलं. अर्ज लिहायला बसलो तर विषय काय लिहावा सुचेना. शेवटी लिहिलं, "स्नेहसंमेलनातील कार्यक्रमाचा राहिलेला भाग पूर्ण करण्याबाबत." सेक्रेटरी साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"संमेलन होऊन गेलं की हो."

"हो साहेब."

"मग बघणार कोण?"

"बघायला कुणी नको, साहेब."

"किती मिनिटं?"

"ते सांगता येत नाही."

वडिलांच्या पुण्याईनं अर्ज मंजूर झाला. मंगळवारी दुपारी दोन ते पाच, त्यानंतर बॅडमिंटन. मी हाफ डे टाकला, ड्रमरनं शिफ्ट बदलून घेतली, आणि बेसवाल्यानं वडिलांना डोंबिवलीची डिलिव्हरी सांगून टेम्पोत अ‍ॅम्प्लिफायर घातला.

आत्या सोबतिणीला घेऊन आली. नवं लुगडं, हातातल्या सुपात नारळ, तांदूळ, हळदकुंकू. हॉलभर नजर फिरवून ती मधल्या जाळीपाशी थांबली. "देवांना ह्या जालीत आरकवून ठेवलाव व्हय रं?" आम्ही मुकाट्यानं बॅडमिंटनचं नेट सोडवलं. तिनं विचारलं, त्या दिवशी कोण कुठे उभं होतं. तसंच उभं राहायला लावलं. मी गिटार बाजूला ठेवली होती, तर म्हणाली, "ते घे हातात. ज्या वाजपानं बोलवलाव त्याच वाजपानं उठवाचं. नाय तं त्यांना वलख कशी पटंल?"

मी ज्यासाठी तिच्या मागे लागलो होतो ते असं आमच्या पुढ्यात आलं, आणि ते आमच्या चुकीमुळे आलं, याची मला त्या क्षणीही लाज वाटत होती. पण तिनं पहिली ओळ टाकली आणि लाज वाटायला सवड उरली नाही. तिच्या ओळीची लांबी ठरलेली नव्हती. ओळ जिथं संपेल तिथं संपायची. मासिकातून शिकलेली माझी बारा आवर्तनांची चौकट तिनं तिसऱ्याच ओळीत मोडली. दोन वेळा मी चुकलो, तिनं मान वळवून नुसतं बघितलं, आणि मग मी मोजायचं सोडून तिच्या तोंडाकडे बघून वाजवू लागलो. सोबतीण ओळ उचलायची तेव्हा बेसवाल्याची तार तिच्याखालून सरकायची. ड्रमर मोठ्या ड्रमवर पाय आणि ढोलकीवर हात, डोळे मिटून. अ‍ॅम्प्लिफायर फाटत होता, तीही फाटत होती, आणि दोघांचं छान जमलं होतं.

ती एकेकाला आल्या वाटेनं परत पाठवत होती. गावदेवीला नदीच्या काठाकाठानं. डोंगरावरच्या आईला डोंगराच्या पाऊलवाटेनं. पोरांचं चुकलं, पोटात घाला, असं प्रत्येकाला ओळीतूनच सांगत होती. अंबरनाथच्या महादेवाची पाळी आली तेव्हा मध्येच थांबून सोबतिणीला म्हणाली, "ह्याचा घर दोन पावलांव. ह्यो सोताच जाल," आणि दोघी हसल्या. पण धवला त्याचाही पुरता म्हटला. पाचाच्या आधीच बॅडमिंटनवाली पोरं रॅकेटी घेऊन आली, दारात रेंगाळली आणि मग भिंतीला टेकून खाली बसली. आयुष्यात आम्ही जे काही वाजवलं त्यात हे सगळ्यात चांगलं होतं. पुढे मी शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये नावाजलेले बँड तिकीट काढून ऐकले. त्यांच्यातलं कुणी त्या दुपारच्या जवळपाससुद्धा आलं नाही.

देव झाले, घरातले गेलेले लोक झाले, आजा, आजी, चुलता. मग ती थांबली. तिनं हातानं आम्हालाही थांबवलं.

"हिला मी नाय उठवनार," ती भाच्याला म्हणाली. "तू बोलवलीस. तूच पोचव."

ड्रमरनं डोळे उघडले. ओळ साधीच होती, नाव घ्यायचं आणि जा म्हणायचं. त्यानं नाव घेतलं आणि थांबला. पुन्हा नाव घेतलं आणि थांबला. सव्वीस वर्षांचा, शिफ्टवर रंगाचे ड्रम उचलणारा माणूस, ढोलकीवर हात पसरून खाली बघत बसला.

"ऱ्हाऊ दे ना गं आत्या," तो म्हणाला. "घडीभर ऱ्हाऊ दे."

आत्या त्याच्याजवळ गेली. तिचा गायचा आवाज आणि बोलायचा आवाज यांत त्या वेळी काही फरक राहिला नव्हता. "कवाशी उभी हाय ती, बाला. दमली आसंल. जाऊ दे तिला. आठ दिसांनी तुझा लगीन हाय ना? आपन बोलवू परत. मी बोलवीन."

मग त्यानं म्हटलं. एकदा त्यानं, दुसऱ्यांदा सोबतिणीनं, तिसरी ओळ दोघांनी. बेसवाल्यानं एकच तार धरून ठेवली होती. मी काही वाजवलं नाही, मला तारा दिसत नव्हत्या. आत्यानं दारात तांदूळ टाकले, नारळ फोडला आणि बॅडमिंटनच्या पोरांनाही खोबरं वाटलं.

बँड पुढे दोन वर्षं चालला. मग ड्रमर रात्रपाळीत अडकला, बेसवाल्याच्या गळ्यात दुकान पडलं, आणि गोदामात सोफे एवढे वाढले की उभं राहायलाही जागा उरली नाही. भांडण झालं नाही. एका शुक्रवारी कुणी आलं नाही, पुढच्याही शुक्रवारी कुणी आलं नाही, आणि संपलं. आज ते शुक्रवार आठवले की जीव गलबलतो. पण हे सगळं नंतरचं. लग्नाचं सांगायचं राहिलं.

लग्न कुळगावात, घरापुढच्या अंगणात. आत उकडत होतं म्हणून मी सरबताचा ग्लास घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभा होतो, माझ्या मागे-पुढे आणखी आठ-दहा जण. वाट अशी नव्हतीच. आत्यानं बोलावण्याचा धवला धरला, सगळा, एकही नाव न गाळता. मी तो आता ओळीओळीनं ओळखत होतो. शेवटी तिनं ते नाव घेतलं. पाटावर हळदीनं माखून बसलेल्या ड्रमरनं मान वर केली आणि मांडवाच्या तोंडाकडे, म्हणजे थेट माझ्याकडे बघितलं.

मी देवाला हात न जोडणारा माणूस आहे, तेव्हाही होतो. पण मी बाजूला झालो, आणि शेजारच्यांनाही म्हटलं, "सरका जरा, वाट द्या."